चिमूट

हेल्वेच्या उजव्या हाताला अजून वाटतं
की खिडकीपलीकडे तीनशे बारा पोरं ताटल्या घेऊन उभी आहेत.

हेल्वेला ठाऊक आहे, जूनमध्येच संपलं ते.
मुख्याध्यापकांचं भाषण झालं, लायलॅकचा गुच्छ मिळाला,
आणि दांड्यावर नाव कोरलेलं एक ओगराळं,
चांदीचं नसेल, पण चांदीसारखं.
सदतीस वर्षं. टाळ्या.
हाताला मात्र कुणी सांगितलं नाही.

पावणेपाचला आधी तो जागा होतो,
मग ती.
व्होरू गाव तेव्हा काळंकुट्ट, तळं गोठलेलं,
आणि एवढ्या पहाटे कुणीतरी बर्फाला भोक पाडून
गळ टाकून बसलेलं, कंदिलाचा एक ठिपका.
हेल्वे बटाटे सोलायला घेते.
थांबते तेव्हा बादली भरलेली असते.

पहिल्या महिन्यात शेजारच्या लाइनेला डबा,
वरच्या मजल्यावरच्या एंडेलला डबा,
जिन्यातल्या मांजरीलाही बशीभर.
दुसऱ्या महिन्यात लाइने म्हणाली, दार अर्धंच उघडून,
"अगं, फ्रीजमध्ये जागा नाही."
माणसं चांगली असतात, पण पोटं केवढीशी.

मुलगी टालिनहून फोनवर म्हणते, आई, आता आराम कर.
जणू आराम म्हणजे फळीवरची बरणी,
हात वर केला की खाली.

खरी अडचण मिठाची.
पातेल्याला तीन मुठी, चौथी जराशी सैल,
एवढं तिला झोपेतही जमतं.
एका माणसाला किती?
पुस्तकात लिहिलंय, चवीनुसार.
कुणाच्या?
सदतीस वर्षं तिनं चव पाहिली ती दुसऱ्यांच्या जिभेनं.
दुसरीतल्यांना मिरी कमी, नववीतल्यांना सगळंच कमी.
स्वतः जेवली दोन वाजता, उभ्यानं,
पातेल्याच्या कडेला लागलेलं पावानं पुसून.

बसून जेवायचं म्हणजे
समोर काहीतरी बघावं लागतं.
तिनं खुर्ची खिडकीकडे वळवली, मग भिंतीकडे, मग परत खिडकीकडे.

जानेवारीत नळ गळायला लागला.
प्लंबर आला, दाराच्या उंचीचा, दाढीत बर्फ,
बूट काढून नुसत्या मोज्यांनिशी आत आला
आणि तिनं ओळखलं.
ताउरी. गाजराचे तुकडे ताटलीच्या काठाखाली लपवणारा.
कधी नऊ, कधी अकरा. ती मोजायची,
बोलली कधीच नाही.
नळ दुरुस्त झाल्यावर तिनं सूप वाढलं, गाजरं वेचून बाजूला काढून.
तो वाडग्यात बघत राहिला.
"गाजर संपलं का, हेल्वेमावशी?"

ती ओगराळं हातात घेऊन नुसती उभी.
केव्हापासून आवडायला लागलं याला? कुणाच्या स्वयंपाकघरात?
विचारलं नाही. बशीतली गाजरं वाडग्यात उलटी केली,
आपलाही वाडगा घेतला, समोर बसली.
बघायला काहीतरी होतं.
"मीठ जरा..." तो म्हणाला, आणि थांबला.
"बोल."
"जास्त आहे."
"आत्ताच, की तेव्हाही?"
तो सूप फुंकत राहिला, सूप गार झालं तरी.

आज एकच बटाटा. नाही, दोन, एक अगदी लहान होता.
वर शेपू.
बरणीत हात गेला आणि सवयीनं मूठ वळली.
ती मूठ तशीच धरून हेल्वे थोडा वेळ उभी राहिली,
मग एकेक बोट उघडत गेली,
करंगळी, अनामिका,
मधलं बोट नाखुशीनं.
अंगठ्यात आणि तर्जनीत राहिलं तेवढंच
पाण्यात सोडलं.

अकरा वीसला, जेव्हा ती तिकडे झडप वर करायची,
तिनं चव घेतली.
अळणी.

असू दे.
उद्या मधलं बोटही घेऊ.